भिंतीवरून आलेलं ताट

८ जानेवारी १९७३, सोमवार
सासरे आले. दत्तूने, म्हणजे माझ्या बायकोच्या, कुसुमच्या भावाने, त्यांना नगरला एस्टीत बसवून दिलं आणि तो तसाच मिरजगावकडे परतला. तो आणि त्याची बायको दुष्काळी कामावर खडी फोडतात. घरी म्हाताऱ्याला पाणी द्यायला कोणी नाही, आणि द्यायला पाणीही नाही. निरोप असा: पाऊस पडला की आप्पांना नेतो. म्हणजे मुक्काम किती, ते वेधशाळेला विचारायचं.

सामान: वळकटी, काठी, आणि जुन्या धोतराच्या धडप्यात बांधलेली भाकरीची चवड. धडपं पाहून कुसुमचा चेहरा उतरला. आप्पांचा नेम जुना आहे. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही. आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली. आजवर सकाळी यायचे, उन्हं कलायच्या आत जायचे, त्यामुळे नेम खपून गेला. आता काय?

११ जाने., गुरु.
म्हातारा ओट्यावर बसून कडक भाकरी पाण्यात भिजवून खातो. पाणीही आमच्या माठातलं नाही. कोपऱ्यावरच्या नळावरून स्वतः तांब्या भरून आणतात. म्हटलं, आप्पा, निदान पाणी तरी. म्हणाले, "नळ सरकारचा हाय, पाव्हनं." खरं आहे. श्रीरामपुरात जावयाचं फारसं काही नाही. पायाने चालवायच्या ट्रेडल यंत्राचा एक छापखाना, तोही कुरकुरतो.

आत मला गरम भाकरी, भरीत, ठेचा. घास तोंडात फिरत होता. तरी तीन भाकऱ्या खाल्ल्या. लाज वाटली की मी जास्त खातो, हे आज कळलं.

१४ जाने., रविवार. संक्रांत
कुसुमने आप्पांच्या हातावर तिळगूळ ठेवला, पाया पडली. आप्पा लाडूकडे बघत राहिले. नाकारला असता तर सणाच्या दिवशी अपशकुन, खाल्ला असता तर नेम मोडला. म्हाताऱ्याने तो बंडीच्या खिशात टाकला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. निकाल राखून ठेवणं फक्त कोर्टालाच जमतं असं वाटत होतं.

१८ जाने., गुरु.
धडप्यातल्या भाकऱ्या संक्रांतीलाच संपल्या. संपल्या कसल्या, शेवटच्या दोन गायीला घातल्या, त्यांना बुरशी होती.

आता उपास सुरू. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, आज गुरुवार दत्ताचा. शनिवार मारुतीचा, रविवार खंडोबाचा आहेच. उपासाचं ते अन्न नव्हे असा शास्त्रार्थ आप्पांनी स्वतःच काढला आहे, त्यामुळे दाणे आणि एखादं केळं चालतं. तेही स्वतः बाजारातून आणलेलं. बुधवार-शुक्रवारला अजून देव मिळालेला नाही. काल "पोट जड हाय" म्हणाले.

कुसुम दोन्ही वेळा ताट वाढून ओट्यावर नेते. दोन्ही वेळा परत आणते.

२२ जाने., सोम.
संध्याकाळी, उपास सोडायच्या वेळी, त्यांना स्टेशनाजवळच्या खानावळीत नेलं. म्हटलं, हे ना लेकीचं, ना जावयाचं. आत बाकडी, समोरासमोर परके लोक, मालक दारात बसून कोण किती भाकरी घेतो ते बघतोय. आप्पा बसले, ताटाकडे पाहिलं, उठले. बाहेर येऊन म्हणाले, "भाकर इकत्यात व्हय? आमच्या वस्तीवरनं वाटसरू कदी उपाशी गेला न्हाई, अन् मी इकत घिऊ?"

त्यांचं राहिलेलं ताट मी संपवलं. वाया का घालवा. घरी येऊन पुन्हा जेवलो, कारण न जेवता कुसुमला काय सांगणार.

२५ जाने., गुरु.
डॉक्टरकडे. त्यांनी पोट दाबलं, जीभ पाहिली, छाती ठोकली. "काही नाही. जेवत नाहीत, एवढंच." टॉनिक दिलं. टॉनिक हे औषध, अन्न नव्हे, म्हणून आप्पा ते घेतात. चमचा मात्र आमचा चालतो. का, ते विचारलं नाही. एखादा नेम आपणहून ढिला होत असेल तर त्याच्याकडे टक लावून बघू नये.

जाताजाता डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. लघवी तपासली. साखर निघाली. या भागात साखर कारखान्यातून निघते, आता माझ्यातूनही. चहा बिनसाखरेचा, भजी बंद, भात कमी. एकाच घरात एकाला खा म्हणून सांगायचं आणि एकाला नको म्हणून. दोघेही ऐकणार नाहीत.

३० जाने., मंगळ.
साप्ताहिकातल्या माझ्या सदराला विषय नाही. आप्पांवर लिहायचं ठरवलं. फक्कड जमलं असतं: देवांची वाटणी, सरकारी नळ, राखून ठेवलेला तिळगूळ. कुसुमला वाचून दाखवलं. ती परातीत पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "छान आहे. छापायचं नाही."

मग थोड्या वेळाने: "त्यांचा तो नेम. पण रोज दोनदा ताट परत येतं, तेव्हा काय परत येतं ते तुम्हाला दिसत नाही."

कागद फाडला. सदरात नगरपालिकेवर लिहिलं. नगरपालिका कधी रडत नाही.

संध्याकाळी स्टेशनावर भजी खाल्ली. डॉक्टर म्हणतात भूक पोटात लागते. माझी कानात लागते. घरात भांडी गप्प झाली की लागते.

३ फेब्रुवारी, शनि.
आप्पा नळावर भोवळ येऊन पडले. मार्थाबाई ड्यूटीवरून येत होत्या, त्यांनीच धरलं. या शेजारच्या, भिंतीला भिंत लागून, दवाखान्यात नर्स, नवरा वारलेला, एकट्याच. ख्रिस्ती. आप्पांना ओट्यावर निजवून नाडी बघितली आणि कुसुमकडे वळल्या. तापल्याच होत्या. घरात माणूस असा उपाशी कसा ठेवता?

कुसुमने सगळं सांगितलं. मूल नाही हे सांगताना आवाज नेहमीसारखा होता. तिने तो पुष्कळ सराव करून बसवलेला आहे.

मार्थाबाई म्हणाल्या, मग माझ्या घरून येऊ द्या ताट. माझा तर काही नेम आड येत नाही ना. कुसुम आणि मी एकमेकांकडे बघितलं. आड येत होता, पण बाईंच्या तोंडावर सांगणार कोण? आप्पांनी उभ्या आयुष्यात ख्रिस्ती घरी पाणी प्यायलेलं नाही. आमच्या गावाकडचं हे सोवळं म्हणजे शिवाशिवच, आणि ती मार्थाबाईंना आमच्यापेक्षा जास्त माहीत असणार. त्याच हसल्या. "कळलं," म्हणाल्या.

५ फेब्रु., सोम.
डाव कुसुमचा. स्वयंपाक ती करणार. ताट मागच्या अंगणातल्या बुटक्या भिंतीवरून मार्थाबाईंकडे जाणार. त्या ते त्यांच्या पुढच्या दाराने बाहेर काढून आमच्या ओट्यावर आणणार. लेकीच्या घरचं नाही, म्हणून चालेल. आणि ख्रिस्ती घरचं म्हणून चालणार नाही, हे मी म्हटलं. कुसुम म्हणाली, एकदा बघू.

६ फेब्रु., मंगळ.
हुलग्याचे शेंगोळे, बाजरीची भाकरी, कांदा. ताट भिंतीवरून गेलं, रस्त्याने आलं. मार्थाबाई: "आप्पा, आज आमच्याकडं जास्त झालंय." इतकं वाईट खोटं मी निवडणुकीच्या पत्रकातही छापलेलं नाही. कुसुम दाराच्या फटीमागे. मी प्रुफं तपासत असल्याचं नाटक करत होतो, उलटी धरून.

आप्पांनी ताट पाहिलं. भाकरी हातात घेतली, कडेवरून बोट फिरवलं. वास घेतला. आणि जेवले. वाटी बोटाने पुसून घेतली.

कुसुम आत जाऊन चुलीपुढे बसली. मी गेलो तर म्हणाली, धूर झालाय. चूल विझलेली होती.

७ फेब्रु., बुध.
दोन्ही वेळा जेवले. मंगळवारची देवी, बुधवारचं जड पोट, सगळं बरं झालं.

मी थक्क. उभ्या जन्माचं सोवळं एका शेंगोळ्यापुढे गेलं? सदरासाठी वाक्यं जुळवायला लागलो होतो, दुष्काळाने केलेली समाजसुधारणा वगैरे. मग आठवलं, छापायचं नाही.

१२ फेब्रु., सोम.
म्हातारा सुधारला. गालावर मांस नाही, पण रंग आला. आता ओट्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारतात. मार्थाबाईंना "बाई" म्हणतात, ड्यूटी कधी संपते ते विचारतात. कुसुमशी मात्र अजून ताटाचा विषय नाही.

कुसुम रोज जास्त करते. घोसाळ्याची भजी, डाळगोळे, लसूण ठेचून पिठलं. मी विचारलं, एवढं सगळं एका ताटासाठी? म्हणाली, लहानपणी आप्पा शेतातून आले की आई आधी त्यांना वाढायची, मग दत्तूला, मग उरलं तर आम्ही. तेव्हा वाटायचं, आपण मोठं झालो की आपल्या हातचं त्यांना वाढू. एवढंच सुख मागितलं होतं.

आज एक गोष्ट ध्यानात आली. ती स्वतः कधी जेवते? सगळ्यांचं झाल्यावर, आत, भिंतीकडे तोंड करून. एकोणीस वर्षांत तिला पोटभर जेवताना मी पाहिलेलं नाही. ती जेवते, हा माझा अंदाज आहे.

१५ फेब्रु., गुरु.
रेशनला तांबडा मिलो आला. अमेरिकेची लाल ज्वारी. रांगेत जो तो शेजाऱ्याला सांगत होता, ढोरांसाठी नेतोय. गावात इतकी ढोरं असती तर चारा-छावण्या पुरल्या नसत्या. संध्याकाळी गल्लीत खिडक्या लावून भाकऱ्या थापल्या जात होत्या. वास मात्र खिडकी लावून थांबत नाही.

आप्पांचं मत: "तिकडं डुकरं खात्यात म्हनं ती जुंदळी. मानसानं मरावं, पर तांबडी भाकर खाऊ नये." मिलो खाणाऱ्या मार्थाबाई तेव्हा आपल्या अंगणात भांडी घासत होत्या. घासण्याचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला. आमच्याकडची बाजरीही आता तळाला लागली आहे. ते आप्पांना माहीत नाही.

१९ फेब्रु., सोम.
कुसुमला सणकून ताप. सकाळी मार्थाबाईंनी इंजेक्शन दिलं, पेज पाजली. मी छापखान्यात, लग्नपत्रिका संध्याकाळपर्यंत द्यायच्या होत्या. आप्पांच्या जेवणाचं मला सुचलंच नाही. मार्थाबाईंना सुचलं.

दुपारी घरी आलो तर त्या ओट्यापुढे उभ्या, अजून ड्यूटीच्या पांढऱ्या कपड्यात. आप्पांपुढे ताट. तांबडी भाकरी आणि पातळ आमटी. आप्पांनी भाकरी मोडली होती आणि हात तिथेच थांबला होता.

"ही तुमी केली?"

"होय आप्पा. कुसुमताई झोपून आहेत. आमच्याकडं मिलोच आहे."

म्हातारा ताटाकडे बघत राहिला. मी मधे पडणार होतो, काहीतरी थट्टा करून ताट उचलणार होतो. थट्टा सुचली नाही.

आप्पांनी आमटीत तुकडा बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा. मार्थाबाई उभ्याच. अर्धी झाली तेव्हा आप्पांनी विचारलं, "पोरीनं काय खाल्लं?"

"पेज दिलीय."

"अन् तुमी?"

नंतर बघते, म्हणाल्या. आप्पांनी उरलेली अर्धी भाकरी ताटातून काढून, धोतराच्या सोग्यावर ठेवून त्यांच्यापुढे धरली. उष्टी नव्हती. मार्थाबाईंनी ती घेतली, पायरीवर बसल्या आणि तिथेच खाल्ली. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

आत कॉटवर कुसुम जागी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

त्याच दिवशी, दिवेलागण
आप्पा आपणहून बोलले. "पाव्हनं, आजची भाकर कुसमीची न्हवती."

आजची? म्हणजे आधीच्या?

"आदीच्या समद्या तिच्याच. एक कड जाड ऱ्हाती तिची. तिच्या आईची बी ऱ्हायची. पैल्या दिशीच कळलं."

मग खाल्ल्या कशा? म्हातारा हसला, पुढचे दात नसलेलं. "भित वलांडून आली म्हंजी शेजारनीची, असं मनाला सांगितलं. मन बी उपाशीच हुतं. त्यानं ऐकलं."

म्हणजे समाजसुधारणा नव्हतीच. ताट कुसुमचं, म्हणून ख्रिस्ती घराचा विटाळ नाही. भिंतीवरून आलं, म्हणून लेकीच्या घरचं नाही. दोन नेम एकमेकांवर टेकून उभे होते, त्यांच्या फटीतून भाकरी आत येत होती. आज त्यातला एक पडला. मिलो धरला तर दोन.

२२ फेब्रु., गुरु.
ताप उतरला. कुसुम उठली, चूल पेटवली, भाकरी केली. शेवटची बाजरी आणि मिलो, मिसळून. मार्थाबाई भिंतीपाशी ताटासाठी आल्या तर त्यांना म्हणाली, बाई, आजपासून भिंतीवरून नको. तुमचे लई उपकार झाले.

ताट घेऊन सरळ ओट्यावर. माझ्याशी ती शहरातलं बोलते, बापाशी बोलायला लागली की मिरजगावच्या एस्टीत बसते.

"मार्थाबाईचं चाललं, आप्पा. माजंच तेवढं इटाळलं?"

आप्पा काठी चाचपायला लागले. बोलले ते ताटाकडे न बघता. ती बाई दमून आली होती, तिच्या तोंडचं काढून दिलं होतं, तिला नाही कसं म्हणायचं. हे सगळं बरोबर होतं, आणि कुसुमने विचारलेलं हे नव्हतंच. ती तशीच उभी. मग आप्पा म्हणाले:

"तुज्याकडं जेवलो म्हंजी बापानंच आस सोडली म्हनायची. मी न्हाई सोडली. समद्यांनी सोडली आसंल, मी न्हाई."

इतकी वर्षं मी त्या नेमाला अडाणीपणा म्हणत आलो. कुसुम त्याला शिक्षा समजत आली. आणि म्हातारा दर खेपेला उपाशी पोटी आमच्यासाठी नवस सांभाळत बसला होता.

कुसुमने ताट त्यांच्यापुढे ठेवलं. आवाज नेहमीसारखा नव्हता.

"मी सोडून लई वर्सं झाली, आप्पा. तुमी धरून बसलाय, म्हनून मला रोज नव्यानं सोडावी लागती."

आत गेली. ताट संध्याकाळपर्यंत ओट्यावर. कावळ्यांना आप्पा काठीने हाकलत होते. जेवले नाहीत. मुंग्याही लागू दिल्या नाहीत.

२४ फेब्रु., शनि.
दोन दिवस दाणे आणि नळ. मार्थाबाईंकडून पुन्हा ताट येऊ शकलं असतं, पण कुसुमला दुखवून आणायला त्या तयार नाहीत, आणि मागायला आप्पा.

आज म्हणाले, सोमवारी गावाला जातो. तिथे कोण आहे? म्हणाले, दत्तूला कामावर सुकडी, सरकारचा कोरडा खाऊ, मिळते, त्यातले घास-दोन घास खाईन. जमीनदार माणूस, सुकडीच्या रांगेतल्या लेकाच्या वाट्यावर जगणार, पण लेकीची भाकरी नाही. हे बोलून दाखवलं नाही. माझ्या जिभेला धार आहे असं लोक म्हणतात. या घरात तिने काही कापलं जात नाही.

मी स्टेशनावर गेलो. भजी समोर आली. खाल्ली नाहीत. का, ते कळलं नाही. डॉक्टरांना सांगितलं तर श्रेय ते घेतील.

२६ फेब्रु., सोम.
छापखान्यात बसून लिहितोय.

सकाळी आप्पांनी वळकटी बांधली. बंडी खुंटीवरून काढली तर तिच्यावर मुंग्यांची रांग. खिशात संक्रांतीचा तिळगूळ, तसाच. त्यांनी मुंग्या झटकल्या, लाडू पुसला आणि परत खिशात ठेवला. कुसुम बघत होती.

ती स्वयंपाकघरात गेली. दोन पाट मांडले, समोरासमोर. दोन ताटं वाढली. मला वाटलं, दुसरं माझं. तिने मला नजरेनेच बाहेर घालवलं.

मग आप्पांना हाक मारली नाही. या म्हणाली नाही. एका पाटावर स्वतः बसली, दाराकडे तोंड करून, बापाच्या समोर, आणि भाकरी मोडून खायला लागली. सगळ्यांच्या आधी. माहेरी कधी बसली नसेल, इथेही नाही. पहिला घास घेतला. पाणी प्याली. दुसरा घेतला.

आप्पा उंबऱ्यात. एका हातात काठी, दुसऱ्यात वळकटी. लेकीला जेवताना त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं असणार. मीही.

"लई बारीक घास घेतीस गं," म्हणाले. "आसंच जेवत आलीस व्हय?"

ती जेवत राहिली. मी चपला घातल्या आणि निघालो.

एस्टी केव्हाच गेली असेल. दुपार उलटली. दोनदा उठलो, दोनदा बसलो. भूक लागली आहे, या खेपेला खरंच पोटात. घरी गेलो की मोरीत घासलेली ताटं पालथी घातलेली दिसतील. दोन, किंवा एक.